कापलेला कोपरा

डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळ. लालबागच्या आतल्या गल्लीतलं मैदान.

हजर: गावडे सर, प्लास्टिकच्या खुर्चीत, कानटोपी घालून. त्यांची सून वैशाली, थर्मास घेऊन. दत्ता, आमच्या वेळचा लेफ्ट हाफ, आता भायखळ्याच्या मार्केटात भाजीचा गाळा चालवतो. फ्रान्सिस, माझगावचा, आमच्यापेक्षा मोठा, गोलकीपर. नोकरीतून नुकताच निवृत्त झालेला, गुडघे त्याच्याही आधी. सरांची रविवारची बॅच, मुलं आणि मुली, जांभया देत. आणि मी.

गैरहजर: गिरणीची भिंत.

भिंत पडून तशी बरीच वर्षं झाली. पण ती पडल्यावर तिच्या जागी बिल्डरचे निळे पत्रे उभे राहिले आणि ते इतकी वर्षं राहिले की मुलांना तीच भिंत वाटायची. दिवाळीनंतर एके दिवशी पत्रे निघाले. मागे टॉवर पूर्ण झाला होता, त्याचं कंपाउंड आत सरकलं होतं, आणि मधे मातीचा एक त्रिकोणी तुकडा उघडा पडला होता. तो मैदानाचाच होता. त्यावर कोणी कधी खेळलं नव्हतं. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या मंडळाने तिथलं डेब्रिज उचलून नेलं आणि त्या निमित्ताने जुन्या आणि नव्या मुलांची मॅच ठेवली. मी सुट्टीवर घरी होते. बूट, शिटी, पाण्याची बाटली, गुडघ्याचा पट्टा अशी बॅग भरून निघाले.

सरांनी मला आवाजावरून ओळखलं.

"इलंस? बस."

"बसत नाही सर. फक्की कोण मारतंय?"

खुर्चीखालून त्यांनी डबा पुढे सरकवला.

हा डबा सांगायला हवा. वनस्पती तुपाचा जुना डबा, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, वर वाकवलेल्या तारेची कडी. त्यात चुन्याची पांढरी फक्की भरायची आणि चालता चालता हलके हलवत न्यायची. मागे रेघ पडत जाते. आमच्या मैदानावर हे काम कोचचं. मुलं जाळी बांधत, दगड वेचत, पाणी मारत, पण डब्याला हात लावत नसत. असा नियम कोणी केला नव्हता. सर पहाटे येऊन एकटे रेघा मारायचे आणि आम्ही पोचायचो तेव्हा मैदान तयार असायचं, इतकंच. ओलसर चुन्याचा तो वास थंडीत जास्त यायचा. त्यात दवाचा, मातीचा आणि समोरच्या बेकरीतल्या पावाचा वास मिसळलेला असायचा. अजूनही कुठे भिंतीला ताजा चुना लावलेला असला की माझ्या पायांना वाटतं आता वॉर्मअप करायचा आहे.

मैदान चौकोनी कधीच नव्हतं. रस्त्याकडून पाण्याच्या टाकीकडे तोंड केलं की उजव्या हाताला गिरणीची दगडी भिंत तिरकी आत यायची आणि एक कोपरा कापून टाकायची. वरून पाहिलं असतं तर एका बाजूने चावा घेतलेल्या पावासारखं दिसलं असतं. सर फक्कीची रेघ भिंतीला धरून, वीतभर अलीकडून, तिरकी न्यायचे. तिथे कॉर्नर फ्लॅग नव्हता. त्या बाजूचा कॉर्नर आम्ही भिंतीला पाठ टेकवून मारायचो, कारण धावत यायला जागाच नसायची.

मी राइट आउट होते. म्हणजे उजव्या कडेने बॉल घेऊन पळायचं आणि गोलासमोर टाकायचा. इतर कुठल्याही मैदानात हे काम गोलरेषेपर्यंत पळून करतात. आमच्याकडे तिथपर्यंत पोचायच्या आधी भिंत. त्यामुळे बॉल लवकर टाकावा लागायचा, पळता पळता, मान वर न करता. सर टाकीजवळ उभे राहून ओरडायचे:

"भिंत इली! टाक!"

पूर्ण मैदान ते ओरडायला लागायचं. जाळीबाहेरचे बघे, गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका, सगळे. भिंत इली, भिंत इली. नाही टाकला तर खांदा दगडावर. माझ्या उजव्या कोपराला अजून खरबरीत डाग आहे.

मैदानात मी पहिल्यांदा कशी आले हे आता कोणालाच नीट आठवत नाही. दत्ता म्हणतो, मी त्याच्या भावाच्या जागी उभी राहिले. आई म्हणायची, मी पिशवी घेऊन पाव आणायला गेले आणि पाव आलाच नाही. सर म्हणतात, एक पोरगी होती आणि बॉल होता. एवढंच खरं असावं.

त्या भिंतीचं ऊन आठवतं. दुपारभर तापलेली ती संध्याकाळी पाठ टेकवली की तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी ऊबदार लागायची. आत गिरणी बंद होती. कानाला दगड लावला तर कबुतरांचं घुमणं ऐकू यायचं आणि मधूनच एखादा पत्रा वाऱ्याने वाजायचा. दगडांच्या फटीत पिंपळ उगवला होता. भिंतीला अजून कापसाचा वास येतो असं सर म्हणायचे. ते आत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले, गिरणीच्या टीमकडून खेळलेले. आम्हाला फक्त शेवाळाचा वास यायचा, पण हो म्हणायचो.

भिंतीपलीकडे गेलेला बॉल परत येत नसे. गिरणीचा दरवाजा मागच्या रस्त्याला होता आणि वॉचमन तिथे कुत्रं बांधून झोपलेला. गिरणी पाडली तेव्हा फ्रान्सिस बघायला गेला होता. आतल्या गटारात बॉलच बॉल निघाले, कातड्याचे, रबराचे, सगळे चपटे.

"पयचानला मी माझा," तो त्या सकाळी पुन्हा सांगत होता. "वो लाल पट्टीवाला. मुकादमाला बोललो, दे. तो बोलतो, काका, ये क्या करेगा तू? मी बोललो, फ्युनरल करेगा."

"केलंस काय मग?" दत्ताने विचारलं.

"फेकला साला. वास मारत होता."

मग मोसम आठवतात. आमचा फुटबॉलचा मोसम म्हणजे चिखलाचा. शाळा सुटल्यावर खेळून घरी आलं की आई चाळीच्या मोरीत उभी करायची आणि तांब्याने ओतायची, भांडं विसळावं तशी. बूट कॅनव्हासचे, गॅलरीच्या कठड्याला नाडीने बांधलेले, चार दिवस वाळत नसत. शेजारच्या काकूंचे बोंबील त्याच कठड्यावर असायचे. बुटांना बोंबलांचा वास लागायचा आणि काकूंच्या मते बोंबलांना बुटांचा.

"तुझे बूट उचल गो, आमका खावचे आसत ते," असं त्या रोज ओरडायच्या. त्यांच्याच घरातून रविवारी माझ्यासाठी आंबोळ्या यायच्या.

कातड्याच्या बॉलला एरंडेल चोळायचं काम बुधवारी असायचं. हात दोन दिवस चिकट राहायचे, वहीची पानं तेलकट व्हायची. गणपतीत अर्ध्या मैदानावर मांडव पडायचा आणि सराव उरलेल्या अर्ध्यात चालायचा, लाउडस्पीकरच्या तालावर. विसर्जनानंतर मांडव निघायचा तेव्हा मागे बांबूंचे खड्डे उरायचे. पाय गेला की घोटा गेला. म्हणून विसर्जनाच्या नंतरचा रविवार हा खेळाचा नसायचा, खड्डे बुजवण्याचा असायचा. सगळी टीम ओळीने चालायची, हातात रेतीची घमेली, आणि पावलाने चाचपत एकेक खड्डा शोधायची. गुलाल मातीत मिसळलेला असायचा. पुढे कितीतरी दिवस घसरून पडलं की गुडघा गुलाबी.

टॉस जिंकला की सर पहिल्या हाफला हल्ल्यासाठी भिंतीकडचा गोल मागायचे. पाहुण्या टीमला भिंत कळेपर्यंत आमचे गोल होऊन गेलेले असायचे.

मग एका हिवाळ्यात मला मोठ्या मैदानावर चाचणीसाठी पाठवलं. दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला. तिथे गवत होतं. मी गवतावर आधी खेळले नव्हते. बॉल पळत नव्हता, अडखळत होता, आणि पावलांचा आवाजच येत नव्हता. उजवीकडून मला बॉल मिळाला आणि मी पळाले आणि टाकला. पुन्हा मिळाला, पुन्हा टाकला. निवड करणाऱ्या बाईंनी शिटी मारून खेळ थांबवला.

"इतक्या लवकर का टाकतेस? पुढे बघ. केवढं मैदान आहे."

मी पुढे पाहिलं. खरंच होतं. हिरवं, सपाट, थेट झेंड्यापर्यंत. तिथे काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

पण निवड झाली. लवकर आलेल्या बॉलवर आमच्या सेंटर फॉरवर्डने गोल केले होते, म्हणून.

पुढची वर्षं थोडक्यात सांगते, कारण ती थोडक्यातच गेली. राज्याकडून खेळले. गुडघा गेला. दादरच्या एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका झाले. सुट्ट्यांमध्ये कोचिंगचे कोर्स केले: आधी डी लायसन्स, मग सी, मग काही वर्षांनी बी. कोर्समध्ये आम्ही मोठी माणसं लोहचुंबकाची बटणं पांढऱ्या फळ्यावर सरकवत बसायचो आणि संध्याकाळी एकमेकांनाच खेळाडू समजून ओरडायचो. शाळा सोडली. एका अकादमीत सहायक कोच झाले. सहायक कोचचं काम म्हणजे शंकू मांडणं, टीम ओळखायच्या रंगीत बिब्स मोजून देणं, मोजून घेणं, आणि मुख्य कोच चिडला की मुलींशी मऊ बोलणं. ते मला बरं जमायचं. मग एका क्लबच्या महिला टीमची मुख्य कोच झाले. मग दुसऱ्या राज्यात, दुसरा क्लब. मधे दोनदा मला काढून टाकलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा बॅग आधीच भरलेली होती.

प्रत्येक शहरात एक भाड्याचं घर. एक कुकर, एक कढई, इस्त्री. खिडकीतून दिसणारं कुठलं तरी झाड, ज्याचं नाव विचारायचं राहून जायचं. बाल्कनीत ओल्या बिब्सचा आणि मालिशच्या तेलाचा वास. घरमालकीण विचारायची, तुम्ही नक्की काय करता? मी म्हणायचे, शिकवते. विषय कोणता, असं कोणी विचारलं नाही.

टीम बदलल्या, मुली बदलल्या, पण एक सराव मी सगळीकडे नेला. उजव्या कडेला, गोलरेषेच्या बऱ्याच आधी, शंकूंची एक तिरकी ओळ लावायची. विंगरने बॉल घेऊन पळायचं आणि ती ओळ यायच्या आत बॉल टाकायचा. इतर टीमचे बचाव करणारे खेळाडू त्या वेळेला तयार नसतात. ते समजतात हिला अजून पळायचं आहे. माझ्या वहीत या सरावाचं नाव फक्त 'भिंत' होतं. मणिपूरची एक विंगर होती माझ्याकडे, बारीक, वाऱ्यासारखी. तिला मराठी येत नव्हती, हिंदीही बेताची. पण पहिल्या आठवड्यात तिने माझं ओरडणं ऐकलं आणि मग टीमच्या सगळ्या मुली, हरयाणाच्या, ओडिशाच्या, तमिळनाडूच्या, भरगच्च स्टेडियमात घसा ताणून ओरडायला लागल्या: "भिंतिली! ताक!" समोरच्या टीमला वाटायचं हा काहीतरी सांकेतिक शब्द आहे. होताच.

हे मी सरांना फोनवर सांगितलं होतं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "थंय भिंत खंय गो?"

तिथे भिंत नव्हती. मी म्हटलं, नेली आहे.

मागच्या हिवाळ्यात मी आठवडाभर घरी आले होते. आमची चाळ पाडून झालेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर आता माझं घर आहे आणि खिडकीतून हे मैदान पूर्ण दिसतं. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन उभी होते. खाली मॅच चालली होती. आधी वाटलं काचेला काही लागलं आहे. मग कळलं. कडेची रेघ टाकीपर्यंत बरी आली होती, तिथून ती बाहेर गेली, एक झोका घेऊन आत आली आणि भिंतीच्या जुन्या जागी पोचायच्या आधी दोनदा स्वतःलाच कापून गेली. आणि मुलं त्या रेघेवर खेळत होती. जिथे रेघ आत होती तिथे बॉल बाहेर गेला म्हणून थांबत होती, जिथे रेघ बाहेर होती तिथे आणखी दोन पावलं पळत होती. कोणी हसत नव्हतं. खुर्चीत सर बसले होते, तोंड बरोबर मैदानाकडे.

या रविवारी मी वैशालीला विचारलं, हे कधीपासून.

"डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना ताई, त्यानंतर एका डोळ्याला काही आलंच नाही. दुसऱ्याला नुसता उजेड. मुलांनी कोणी सांगितलं नाही त्यांना. मीच म्हटलं एकदा, बाबा, रेघ जरा वाकडी झालीय. तर म्हणतात, मैदानच वाकडं आसा."

"आणि बॅच?"

तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं, उघडलं, पुन्हा घट्ट केलं.

"मंडळाने सांगितलंय. कोपरा मोकळा झाला, आता मैदान मोठं झालं, मागणारे पुष्कळ आहेत. नवीन वर्षापासून बॅचला नीट कोच नसेल तर सकाळची वेळ क्रिकेटवाल्यांना. त्यांनी विचारलं होतं, कोण आहे का तुमच्याकडे? बाबा म्हणाले, बघतो." मग हळूच: "त्यांनी तुम्हाला विचारलं नाही ना अजून?"

"नाही."

"विचारणार नाहीत. तुमचं मोठं काम आहे म्हणतात."

मोठं काम खरंच होतं. माझा क्लबबरोबरचा करार संपला होता आणि पुढच्या मोसमाचा त्यांनी पाठवला होता. बुधवारपर्यंत कळवायचं होतं. चांगला क्लब, गवताचं मैदान, फिजिओ, दोन सहायक, शंकू मांडायला वेगळी माणसं. मी तो करार दोनदा वाचला होता आणि त्यात चूक सापडली नव्हती.

तर सरांनी डबा पुढे सरकवला.

"माका रेघ दिसणा नाय गो आता," ते म्हणाले. सांगितल्यासारखं, तक्रार केल्यासारखं नाही. "तू मार."

बॅचमधल्या मुलांनी बॉल पायाखाली धरले. त्या मैदानावर सरांशिवाय कोणाच्या हातात तो डबा कोणी पाहिला नव्हता, आणि तो हातात घेण्याचा अर्थ काय ते सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

"आजच्यापुरती मारते," मी म्हटलं.

"मार."

"आणि कोपरा? सर, तिथे आता भिंत नाही. पत्रेही नाहीत. सरळ मारू की तिरकी?"

सरांनी कानटोपी जरा वर केली.

"सरळ मार नायतर तिरकी मार. तुजा तू बघ. माका इचारू नको."

मी रस्त्याकडच्या बाजूपासून सुरुवात केली. दोरी ताणली, डबा हलवत गेले. फक्की दमट होती, गोळे पडत होते. भोकं काडीने मोकळी करावी लागत होती. मागे वळून पाहिलं तर रेघ ठीक आली होती. डावी कड, गोलरेषा, पेनल्टी बॉक्स, मधली रेघ, वर्तुळ. मग उजवी कड. टाकीच्या पुढे आले, जुन्या भिंतीची जागा आली आणि माझे पाय आपोआप डावीकडे वळले. मी थांबले. पुढे तो त्रिकोण होता. माती वेगळ्या रंगाची, जरा लाल, विटांचे बारीक तुकडे असलेली. एका बाजूला पिंपळाचं जुनं मूळ कापलेलं दिसत होतं.

डब्यात फक्की होती. दोरी होती. मी डबा खाली ठेवला.

"काय झालं, राइट आउट?" दत्ता ओरडला. तो मला अजून त्याच नावाने हाक मारतो. "पेट्रोल संपलं?"

"कोपरा नंतर. मॅच सुरू करा. ऊन चढेल."

तर तो कोपरा उघडा ठेवून मॅच सुरू झाली. त्या बाजूला बॉल बाहेर गेला की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, म्हणजे भांडायचं, असं ठरलं. आमच्याकडून फ्रान्सिस गोलात उभा राहिला. "खडा राहीन, झुकणार नाय," असं त्याने आधीच जाहीर केलं होतं आणि ते पाळलं. दत्ताचं पोट त्याच्या आधी बॉलपाशी पोचत होतं. मी पहिल्या हाफला खेळले, उजवीकडूनच, दोन क्रॉस टाकले, एक बरा होता. मग पट्टा काढून बाहेर सरांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांना काय चाललंय ते सांगू लागले.

बॅचची राइट आउट कृतिका नावाची मुलगी आहे, आठवीतली, दोन घट्ट वेण्या. पहिल्या हाफभर ती तिच्या बाजूने पळाली होती आणि पत्र्यांच्या जुन्या जागेच्या अलीकडे येऊन बॉल टाकत होती. पत्रे नव्हते, रेघ नव्हती, तरी बरोबर त्याच जागी. दुसऱ्या हाफला टोकं बदलली नाहीत. नव्या मुलांना त्याच गोलावर राहायचं होतं आणि दत्ताला चालायचा कंटाळा आला होता.

मग तिला एक लांब बॉल मिळाला. समोर दत्ता. तिने तो त्याच्या पायांतून काढला, मुलं हसली, आणि ती सुटली.

"कोण पळता?" सरांनी विचारलं.

"कृतिका. उजवीकडून. दत्ताला मागे टाकलं."

"तेका काय, खुर्ची पण मागे टाकीत." आणि मग मान उचलून, फुटक्या पण पूर्वीच्याच आवाजात: "भिंत इली! टाक!"

सगळे ओरडले. मुलं, फ्रान्सिस, जाळीबाहेरचे दोन चहावाले, धापा टाकत मागून येणारा दत्ता. भिंत इली, टाक. कृतिकाने एकदा मान वर केली. आणि टाकला नाही. पळत राहिली. भिंत होती तिथून, पत्रे होते तिथून, ती आरपार गेली, त्या लाल मातीवर, थेट टोकापर्यंत. तिच्यासमोर कोणी नव्हतं. आणि तिथे पोचून, बॉलवर पाय ठेवून, ती उभी राहिली.

कोणी तिला अडवायलाही गेलं नाही. तिथे जायचं असतं हे कोणाच्या पायांना माहीत नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, आता काय करू?"

"अगं, उभी काय राहिलीस जत्रेत हरवल्यासारखी!" दत्ता लांबून म्हणाला, आणि पोटावर हात ठेवून वाकला.

मी सरांना सांगितलं, ती कोपऱ्यात पोचली आहे, बॉल तिच्याकडे आहे, ती विचारतेय आता काय करू.

सरांनी थोडा विचार केला. खरंच केला, ओठ हलत होते.

"थंयसर काय करतत ता माका खंय म्हायत?" ते म्हणाले. "माजो सगळो जल्म भिंतीच्या ह्या बाजूक गेलो. तू सांग तिका."

मी उठले. मैदानाच्या कडेकडेने गेले, रेघ संपली होती त्या जागेच्या पुढे, लाल मातीवर. ती जागा पावलाला भुसभुशीत लागत होती. कृतिकाला म्हटलं, मान वर कर. मागे बघ, गोलाकडे नाही, तिथून मागे. कोण मोकळं आहे? तिने बोट दाखवलं. पेनल्टी बॉक्सच्या तोंडावर एक बुटका मुलगा एकटाच उभा होता, नाक पुसत. त्याला जमिनीवरून दे, मी म्हटलं, मागे, सरपटत. तिने दिला. त्याने मारला. फ्रान्सिस झुकला नाही.

"वो क्या, मी तो सोडला," तो नंतर म्हणाला. "पोरांसाठी."

आवाज ऐकून सरांना कळलं गोल झाला. "मागे दिलान काय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हो, मागे. ते मान हलवत राहिले, काहीतरी नवीन चव लागल्यासारखे.

हा झाला रविवार. आज गुरुवार आहे आणि राहिलेली कामं बघते आहे.

बिब्स धुवायला फ्रान्सिसने नेल्या. गोलाच्या जाळीचे तुटलेले हूक दत्ता मार्केटातून आणणार होता, आणले. मंडळाच्या सेक्रेटरींना भेटून आले. रविवारची, आणि आता मंगळवार-गुरुवारचीही सकाळ बॅचला मिळाली. क्लबला बुधवारी फोन करून नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. कोपरा, असं सांगता येईना, म्हणून घरचं काम आहे म्हटलं. ते समजून घेतो म्हणाले आणि मोसम संपल्यावर पुन्हा बोलू म्हणाले. कुकर, कढई आणि इस्त्री तिथल्या सहायक मुलीला ठेवायला सांगितलं.

एक राहिलं. खिडकीतून दिसतं ते. बाकी सगळ्या रेघा आता पुसट झाल्या आहेत, पण त्या बाजूला त्या जिथे थांबतात ती फट वरूनही कळते. रेघ सरळ न्यायची हे माझं ठरलं आहे. भिंत शंकूंनी लावता येते, कोपरा शंकूंनी लावता येत नाही. सरळ नेली की पहिल्यांदाच तिथे काटकोन येईल. काटकोनाला तीन, चार, पाच अशा मापाने गाठी मारलेली दोरी लागते आणि तिचं दुसरं टोक धरून कोपऱ्यात उभं राहायला माणूस. सरांनी सांगितलं आहे, "ता टोक मीच धरतलंय, दुसऱ्या कोणाक देव नको." काल त्यांना कणकण होती. वैशाली म्हणाली, थंडी जरा कमी होऊ दे.

दोरीला गाठी मारून झाल्या आहेत. फक्की चाळून, सुकवून डब्यात भरली आहे. कोपऱ्याची रेघ मारायची आहे.